छत उतरवण्याआधी वर बघा

पाऊस ओसरायला लागला की जुन्या इमारतींतून एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं. "हे सगळं खरवडून टाकू, वरून पीओपी मारून देतो, मग दहा वर्षं बघायला नको." बोलणारा ठेकेदार बहुधा शिडीवर चढलेलाही नसतो. खाली उभं राहून छतातल्या दोन भेगा आणि एक पिवळा डाग पाहून त्यानं निकाल दिलेला असतो. घरमालक, भाडेकरू, सोसायटीचे सेक्रेटरी, देवळाचे विश्वस्त, शाळेचे मुख्याध्यापक, सगळे मान डोलावतात. भिंतीवरची भेग वर्षानुवर्षं चालते, डोक्यावरची एक रात्र चालत नाही. मग आठवडाभरात शंभर वर्षांचा चुन्याचा गिलावा पोत्यांत भरून डेब्रिजच्या ट्रकमधून निघून जातो.

माझं मागणं एवढंच आहे, की या वर्षी त्या वाक्याला लगेच 'हो' म्हणू नका. जुन्या गिलाव्याचं छत भेगाळलं म्हणजे ते संपलं, असं नसतं. बहुतेक वेळा ते दुरुस्त होतं, जागच्या जागी होतं, आणि नीट केलं तर नव्या पीओपीपेक्षा जास्त टिकतं. पण त्यासाठी आधी वर चढून बघावं लागतं, आणि हेच नेमकं कुणी करत नाही.

कोणत्या छतांबद्दल बोलतोय मी? गिरगाव, भुलेश्वर, फोर्ट, लालबाग इथल्या १९४० पूर्वीच्या इमारती. पुण्याच्या कॅम्पातले बंगले. रेल्वेच्या जुन्या वसाहती. जिल्ह्याच्या गावची कचेरी, संस्थानी वाडे, मिशनची इस्पितळं, नाट्यगृहं. यांत दोन प्रकार जास्त भेटतात. एकात लोखंडी गर्डर ओळीनं टाकलेले असतात, दोन गर्डरांमध्ये विटांची बुटकी कमान असते आणि खालून चुन्याचा गिलावा. खालून पाहिलं तर छत लाटालाटांचं दिसतं. इंजिनिअर याला जॅक आर्च म्हणतात. दुसऱ्यात लाकडी तुळयांना खालून बोटभर रुंदीच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, प्रत्येक दोन पट्ट्यांत थोडी फट सोडलेली असते आणि पट्ट्यांवर थराथरानं चढवलेला गिलावा. कडेला कंगोरे, मधोमध फुलापानांचं पदक, त्यातून कधीकाळी हंडी किंवा झुंबर लोंबायचं, आता पंखा. याशिवाय देवळांच्या आणि मकबऱ्यांच्या घुमटांचा आतला गिलावा आहेच. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात संगमरवर मोजक्याच ठिकाणी आहे. खालचा पट्टा आणि घुमट सोडला तर बाकी बांधकाम बेसॉल्टचं आणि त्यावर घोटलेला गिलावा. सतराव्या शतकातलं ते काम आजही लोकांना दुरून संगमरवर वाटतं.

हे सगळं चुन्याचं काम. पोरबंदरला सिमेंटचं उत्पादन सुरू झालं ते १९१४ साली. त्याआधी सिमेंट बोटीनं यायचं आणि महाग पडायचं. त्यामुळे तोवर गवंड्याच्या हातात चुनाच होता. किनाऱ्याला शिंपल्यांचा, घाटावर काळ्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांचा. भट्ट्या लावून चुना भाजणं हा लोणारी समाजातल्या चुने लोणाऱ्यांचा पिढीजात धंदा होता. नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेली कळी पाण्यात विरवायची, मग वाळू आणि सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड घालून घाणीत मळायची. गोल दगडी चर, त्यात फिरणारं दगडी चाक आणि त्याला जुंपलेला बैल. गडांवर हिंडणाऱ्यांनी असं चाक एकटं पडलेलं पाहिलं असेल. विरवलेला चुना लोणच्यासारखा मुरावा लागतो. घाईनं वापरलेल्या चुन्यात न विरलेले कण राहतात आणि ते पुढे ओल शोषून फुलले की गिलाव्याला बारीक खळगे पडतात.

इथे एक कबूल करायला हवं, की गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद, मेथी यांचं आपल्याकडे अंमळ जास्तच कौतुक चालतं. जीर्णोद्धाराची बातमी छापून आली की मथळा गुळाचाच असतो. हे पदार्थ वापरले जात, त्यांचा उपयोगही आहे. पण छत गुळानं टिकलेलं नाही. ते चांगला भाजलेला चुना, स्वच्छ वाळू, भरपूर मळणी आणि थर सुकेपर्यंत थांबण्याची सवय यांनी टिकलं. गुळाची ढेप बाजारात मिळते. थांबणारा माणूस मिळत नाही.

आता हे छत धरून कसं राहतं ते बघू, कारण दुरुस्तीचं सगळं गणित त्यावर आहे. पट्ट्यांच्या छतात पहिला थर दाबून चढवला की ओला चुना फटींतून वर निघतो आणि पट्टीच्या पाठीवर वळून बसतो. वाळल्यावर ती झाली गिलाव्याची पकड. अशा हजारो पकडींवर अख्खं छत लोंबत असतं. चुन्यात ताग किंवा केस कालवलेले असतात, ते मधल्या भागाला फाटू देत नाहीत. कमानीच्या छतात गिलावा विटांच्या सांध्यांना धरून असतो. दोन्हीकडे चुना हा मऊ, किंचित लवणारा माल. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. लोखंड तापतं, निवतं. रस्त्यावरून बेस्टची बस जाते, वरच्या मजल्यावर कुणी मसाला कुटतं. चुना हे सगळं पचवतो आणि कधीमधी केसाएवढी चीर देऊन मोकळा होतो. अशी बारीक चीर तर पुष्कळदा आपणच भरते: ओलाव्यात थोडा चुना विरघळतो आणि फटीत पुन्हा बसतो. सिमेंटला हे इतक्या सहज जमत नाही.

म्हणजे भेग वाचता आली पाहिजे. जाळीसारख्या पसरलेल्या केसाएवढ्या चिरा बहुधा रंगाच्या थरातल्या किंवा वरच्या लेपातल्या असतात. त्यांची भीती बाळगायचं कारण नाही. गर्डरच्या रेषेत सरळ धावणारी भेग आणि तिच्या कडेला तांबूस डाग दिसला, तर आतलं लोखंड गंजतंय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि गिलाव्याला आतून ढकलतो. तिथे लांबी भरून उपयोग नाही, गर्डरची खालची कड उघडी करावीच लागते. पंख्याच्या आकड्याभोवती चहूबाजूंना निघालेल्या भेगा कुणीतरी नंतर ठोकलेल्या भोकाची आणि पंख्याच्या थरथरीची गोष्ट सांगतात. कोपऱ्यातून तिरकी निघून भिंतीत उतरणारी भेग मात्र छताची नसते. भिंत किंवा पाया हलतोय, इंजिनिअरला बोलवा. आणि छताला पोट सुटलंय, म्हणजे भेगेच्या एका बाजूचा भाग दुसऱ्या बाजूपेक्षा खाली आलाय, असं दिसलं तर खालची माणसं, खाट, पाळणा आधी बाजूला करा आणि मग टेकू लावा. बाकी चर्चा नंतर.

नुसतं बघून पुरत नाही. शिडीवर चढून बोटांच्या पेरांनी किंवा थापीच्या लाकडी दांड्यानं हलकेच ठोकत जा. टणक आवाज आला तर गिलावा धरून आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर मागून सुटलाय. खडूनं त्या भागाभोवती रेघ मारा. मग तळहात लावून अलगद वर दाबा; छत हललं तर पकडी तुटल्या आहेत. तास-दोन तासांत छताचा खडूचा नकाशा तयार होतो, आणि माझा अंदाज असा, की तो पाहून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. ज्याला ठेकेदार 'पूर्ण गेलेलं' म्हणत होता, त्याचा मोठा भाग टणक निघतो आणि सुटलेले तुकडे चार-दोन ठिकाणी असतात. ते चार-दोन ठिकाणांचं काम आहे.

भेग जुनी आहे की अजून सरकतेय, हे कळायला आपल्याकडच्या बांधकाम खात्यातले जुने लोक एक साधी युक्ती करत. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवायची आणि तिच्यावर तारीख टाकायची. पावसाळ्यानंतर पट्टी शाबूत असली तर भेग जुनी, निवांत भरा. काच तडकली तर कुठलातरी भाग हलतोय. तो सापडेपर्यंत काहीही भरलं तरी पुन्हा उघडणार. या काचेला खर्च जवळपास नाही. तरीही पाच-पाच वेळा तीच भेग भरून घेतलेली घरं पाहावीत तितकी दिसतात.

पिवळट-तपकिरी कडी असलेला डाग म्हणजे पाणी. मुंबईच्या चाळींत आणि जुन्या इमारतींत छताची सगळ्यात मोठी वैरीण वरच्या मजल्यावरची मोरी. मग फुटकी मंगलोरी कौलं, तुंबलेली पन्हळ, पावसाळी पाइपाच्या सांध्यात रुजलेलं पिंपळाचं रोप, गच्चीवरची गळकी टाकी. चुना ओला होऊन सुकू शकतो, वर्षानुवर्षं ओला राहू शकत नाही. कायम ओलीत त्याला लोणा लागतो, क्षार वर येतात, पट्ट्या कुजतात, वाळवी येते. म्हणून छताच्या दुरुस्तीतला पहिला खर्च छतावर कधीच नसतो. तो वरच्या मजल्यावर असतो, आणि तिथेच खरं भांडण होतं. खालच्या बिऱ्हाडाच्या छतासाठी वरच्या बिऱ्हाडाची मोरी कोण फोडणार? सोसायटीच्या बैठका या एका प्रश्नावर रात्री उशिरापर्यंत चाललेल्या आहेत. तोडगा निघाला नाही की सगळे मिळून फॉल्स सीलिंगवर एकमत करतात.

फॉल्स सीलिंगचं मला खास वावडं आहे, ते सुंदर दिसत नाही म्हणून नव्हे. ते भेग झाकतं. वर पाणी मुरत राहतं, पकडी सुटत राहतात, गर्डर गंजत राहतो आणि खाली सगळं गुळगुळीत, एलईडी दिव्यांनी उजळलेलं. जुनं छत आपली तब्येत उघडपणे दाखवतं. त्याच्यावर आडपडदा टाकला की पहिली खबर मिळते ती तुकडा पडल्यावरच.

सिमेंटचं दुखणं निराळं. चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचं ठिगळ लावलं की ते आजूबाजूच्या मालापेक्षा कडक आणि जड होतं. चुना लवतो, ठिगळ लवत नाही. भेग ठिगळाच्या कडेनं नव्यानं फिरते. ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, ती ठिगळामागे साचते आणि एक दिवस ठिगळ आपल्याबरोबर जुन्या गिलाव्याचाही लचका घेऊन खाली येतं. पीओपी हलकं आणि मऊ असतं खरं, पण कोकण किनाऱ्याच्या दमटपणात आणि गळतीच्या जागी ते भुसभुशीत होतं. वरून प्लास्टिक पेंट मारला की उरलासुरला श्वासही बंद. जुनी मंडळी चुन्याच्या सफेदीत थोडी नीळ आणि डिंक घालत, ते काही अडाणीपणानं नव्हे. सफेदी ओल अडवत नाही.

दुरुस्ती कशी होते, तेही सांगतो, म्हणजे कुणी "आता हे कोण करतं?" म्हटलं तर निदान काय करायचं असतं एवढं तरी ठाऊक असेल. भेगेतला सुटा माल करणीच्या टोकानं खरवडायचा, आतल्या बाजूला थोडी रुंद खाच करायची, म्हणजे नवा माल आत अडकून बसेल. धूळ मऊ कुंच्यानं काढायची. पाण्याचा फवारा मारून कडा ओलावायच्या. कोरडा जुना चुना नव्या चुन्यातलं पाणी शोषून घेतो आणि मग भरण कडेनं सुटतं. एक भाग मुरलेला चुना, अडीच-तीन भाग बारीक चाळलेली वाळू, कातरलेला ताग. खोल भेग दोन-तीन थरांत भरायची आणि दर थर घट्ट झाल्याशिवाय पुढचा चढवायचा नाही. शेवटचा हात चुना आणि संगमरवरी पुडीचा, रंध्यानं घोटून. मग ओलं गोणपाट किंवा फवारा, काही दिवस. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि त्याला त्यासाठी थोडी ओलही लागते. उन्हाच्या झळा आणि जोरात सोडलेला पंखा दोन्ही घातक. म्हणून या कामाचा हंगाम दसऱ्यानंतरचा: पाऊस गेलेला, ऊन अजून कडक नाही.

सुटलेल्या भागाचं काम जास्त नाजूक, आणि मला विचाराल तर या सगळ्या कारागिरीतलं सर्वांत देखणं. खालून फळीवर मऊ कापड किंवा फोम लावून टेकू देतात आणि सुटलेला गिलावा हळूहळू जागेवर उचलतात. वरून जाता येत असेल, म्हणजे वरच्या मजल्याची फळी काढता येत असेल, तर पट्ट्यांच्या पाठीवर साचलेला कचरा, धूळ आणि घुशींनी आणून टाकलेलं काहीबाही साफ करून नवा माल ओततात. तुटलेल्या पकडींच्या जागी नव्या पकडी. वरून वाट नसेल तर खालून बारीक भोकं पाडून सिरिंजनं पातळ चुना मागे सोडतात, किंवा रुंद चकती लावलेले न गंजणारे स्क्रू थेट लाकडात घेऊन वर गिलावा करतात. काम संपल्यावर त्यातलं काहीच दिसत नाही. कौतुकाची फीत कापायला कुणी येत नाही, ही या कामाची अडचणच आहे म्हणा.

एक खबरदारी. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आली तीच २०१७ साली. त्यामुळे जुना रंग कोरडा घासायचा नाही. ओला करून काढायचा, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, आणि घरातली लहान मुलं त्या दिवसांत दुसरीकडे. ताजा चुनाही डोळ्यांना भाजतो.

आता उलट बाजू. "लोकांच्या डोक्यावर पडलं तर तुम्ही जबाबदार?" हा प्रश्न रास्त आहे. लंडनच्या अपोलो थिएटरचं उदाहरण याबाबत बोलकं आहे. १९०१ सालचं नाट्यगृह; १९ डिसेंबर २०१३ च्या रात्री प्रयोग चालू असताना छताचा भाग प्रेक्षकांवर कोसळला आणि सत्तरहून जास्त लोक जखमी झाले. सजावटीचं ते छत वरून तागाच्या कापडात भिजवलेल्या प्लास्टरच्या बांधण्यांनी टांगलेलं होतं, आणि कालांतरानं त्या बांधण्याच जीर्ण झाल्या होत्या. त्यानंतर तिथल्या नाट्यव्यवसायानं काय केलं? जुनी छतं सरसकट पाडली नाहीत. छतांची वरून, बांधण्यांच्या बाजूनं ठरावीक काळानं तपासणी करण्यावर भर दिला. छत वाचवायचं म्हणजे त्याच्याकडे डोळेझाक करायची, असा अर्थ मी तरी कधी घेतलेला नाही. उलट जो छत वाचवू पाहतो, त्याला वर्षातून एकदा शिडी लावावीच लागते.

काही छतं उतरवावीच लागतात. गर्डर खाऊन कागदासारखा पातळ झाला असेल, तुळया टोकाला कुजल्या असतील, तर तिथे वारशाच्या गप्पा मारणं क्रूरपणा ठरेल. पण हा निर्णय इंजिनिअरनं मोजमाप घेऊन द्यायचा असतो. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, आणि महापालिका जीर्ण इमारतींची सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशी वर्गवारी करते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा. बाकी तिन्हींत दुरुस्ती आहे. गिलाव्याची भेग आणि इमारतीच्या सांगाड्याची भेग यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो फरक पुसून टाकण्यात कुणाकुणाचा फायदा असतो हे पुनर्विकासाच्या वाऱ्यात राहिलेल्या भाडेकरूंना मी सांगायला नको. छताचे फोटो काढून "बघा, इमारत धोकादायक" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: ठोकून पाहिलंत? पोकळ भाग किती, गर्डरची जाडी किती उरली? तपासणीचा अहवाल हातात घ्या, वाचा, आणि त्यात छताबद्दल नुसतं "खराब अवस्थेत" असं एकच वाक्य असेल तर अहवाल परत पाठवा.

चांगल्या हेतूनं केलेली दुरुस्तीही नडते, याचा धडा आपल्याच अजिंठ्यात आहे. तिथल्या लेण्यांची छतं म्हणजे माती, वाळू आणि वनस्पतींचे धागे यांच्या गिलाव्यावरची चित्रं. १९२०च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी यांना बोलावलं. त्यांनी सुटू पाहणारे भाग घट्ट केले, त्यामुळे बरंच काही वाचलं. पण चित्रांवर चढवलेलं लाखेचं वॉर्निश पुढे पिवळं पडलं, काळवंडलं, आणि ते काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांची पुढची कितीतरी वर्षं गेली. वेरूळची गोष्ट अशीच लक्षात ठेवण्यासारखी. तिथल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या जातीच्या वनस्पतीचे अंश सापडल्याचं २०१६ साली राजदेव सिंह आणि एम. एम. सरदेसाई यांनी प्रसिद्ध केलं. किड्यांपासून गिलावा राखण्यात या धाग्यांचा वाटा असावा, असं त्यांचं म्हणणं. दीड हजार वर्षांपूर्वीचा कारागीर गिलाव्यात काय घालावं याचा विचार करत होता. आपण डबा उघडतो आणि लांबी भरतो.

आणि नीट केलं तर जमतं, हेही आपल्याच मुंबईत दिसलंय. गिरगावजवळचं रॉयल ऑपेरा हाउस १९११ साली पाचव्या जॉर्जच्या हस्ते उघडलं. मराठी संगीत रंगभूमीनंही ते गाजवलं. पुढे ते सिनेमाचं थिएटर झालं, १९९३ साली बंद पडलं. वीस-बावीस वर्षं कुलूप, गळती, कबुतरं. कुणी त्याचं मल्टिप्लेक्स केलं असतं तर नवल वाटलं नसतं. गोंडलच्या राजघराण्यानं ते दुरुस्तीला काढलं, वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली काम झालं आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा पुन्हा वर गेला. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. आज तिथे बसून मान मागे टाकली की कवी-नाटककारांना वाहिलेला घुमट दिसतो. तो राजवाड्याच्या पैशानं वाचला, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण चुना, ताग, पाणी, टेकू आणि सहनशक्ती या गोष्टी दोन खोल्यांच्या घरालाही त्याच लागतात, फक्त कमी लागतात.

खरी टंचाई माणसांची आहे. चुन्याचं काम हाताला असलेला गवंडी शोधायला निघालात तर एखादा म्हातारा सापडतो आणि त्याचा मुलगा टाइल्स बसवतो. मुलाचं काय चुकलं? वर्षातून एखादं चुन्याचं काम मिळणार असेल तर त्यानं चार वर्षं चुना मुरवत बसायचं कशासाठी? हे चक्र मागणीनंच फिरेल. भारतीय मानक संस्थेकडे बांधकामाच्या चुन्याचं मानक आहे, चुन्याच्या गिलाव्याची कार्यपद्धती छापलेली आहे. आयटीआयमध्ये गवंडीकामाचा अभ्यासक्रम आहे. मग जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात दर वेळी 'सिमेंट प्लास्टर' हीच ओळ का उतरते? कारण आधीच्या अंदाजपत्रकात ती होती. बांधकाम खात्यातल्या अभियंत्यांना माझी विनंती आहे: १९१४ च्या आगेमागे बांधलेली इमारत समोर आली की ती ओळ एकदा खोडून पाहा. आयटीआयच्या प्राचार्यांना विनंती: जुन्या गवंड्याला आठवड्यातून एक दिवस मानधन देऊन बोलवा, आणि वर्गात नको, एखाद्या भेगाळलेल्या छताखाली परांची बांधून शिकवू द्या. देवस्थानच्या विश्वस्तांना हात जोडून सांगणं: घुमटाच्या आत तेलरंगाचा आणखी एक हात देऊ नका, दाता कितीही उदार असला तरी. त्या रंगाखाली पेशवाईतलं चित्र नसेलही. पण असलं तर?

पैशाचं म्हणाल तर चुन्याच्या दुरुस्तीत माल स्वस्त आणि मजुरी महाग. म्हणजे तुमचे पैसे कारखान्याला कमी आणि माणसाला जास्त जातात. मला तरी हा सौदा वाईट वाटत नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि चुन्याच्या कामाचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो. तारखा यापेक्षा सोयीच्या जुळणार नाहीत. भाडेकरू असाल तर मालकाला आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला पत्र लिहा. सभासद असाल तर सभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव टाका. शब्द लागतील तसे बदला: "इमारतीतील जुन्या गिलाव्याचे कोणतेही छत ठोकून तपासल्याशिवाय, पोकळ भागांचा नकाशा तयार केल्याशिवाय आणि गळतीचे मूळ बंद केल्याशिवाय उतरवले जाणार नाही. दुरुस्तीसाठी मागवायच्या किमान एका दरपत्रकात काम चुन्यात करण्याचा दर असावा. वरच्या मजल्यावरील मोरीच्या दुरुस्तीचा खर्च संस्थेच्या दुरुस्ती निधीतून करावा." शेवटच्या वाक्यावर सभेत आरडाओरडा होईल. होऊ द्या, पण ते वाक्य गाळू नका. आणि सभेच्या आदल्या रविवारी सेक्रेटरींना, वरच्या बिऱ्हाडाला आणि त्या पीओपीवाल्यालाही घरी बोलवा, शिडी भिंतीला लावा आणि खडू त्यांच्या हातात द्या.